कागदाचं अंतराळस्थानक

फोन आला तेव्हा मी छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. पलीकडून सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, या." आवाजात रडणं नव्हतं, घाईही नव्हती. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि उठलो. खरं सांगायचं तर दोन दिवस मी त्याच फोनची वाट बघत होतो, आणि वहिनी तो करायच्या वेळेची… का, ते पुढं सांगतो. शाळेपासूनचा माझा मित्र, वहिनींचा नवरा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत दातांचा दवाखाना चालवणारा अविनाश, आमचा अव्या, गेला. त्याला आता महिना उलटून गेला.

दातांखेरीज अव्याला एकच नाद होता, कागदाची अंतराळयानं बनवायचा. इंटरनेटवरून सुट्या भागांचे आराखडे उतरवायचे, माझ्या छापखान्यात येऊन जाड कागदावर छापून घ्यायचे आणि संध्याकाळी पेशंट संपले की कटर घेऊन बसायचं. घडीची रेघ पाडायला दात तपासायची बोथट झालेली सळई, छोटे तुकडे धरायला दवाखान्यातलाच चिमटा. डिंक लावायच्या पट्टीला तो 'जीभ' म्हणायचा. चॉकलेटवरचा सोनेरी कागद चुरगळून, परत सपाट करून तो चांद्रयानाच्या पोटाला असा गुंडाळायचा की लांबून बघणाऱ्याला खरंच वाटावं. ही सगळी यानं बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेली असत. गाल धरून बसलेली माणसं तिथं डोकावून ठणका विसरत. एकदा तालमीतल्या एका दणकट पैलवानानं विचारलं, "डॉक्टर, ह्ये उडतंय व्हय?" अव्या म्हणाला, "आधी तुमची दाढ उडवतो पावणं, मग ह्येचं बघू." सगळा दवाखाना हसला होता.

त्याच कपाटापुढं पहिली शंका आली. अव्यानं चार पायांचं एक चांद्रयान केलं होतं. ते टेबलावर ठेवलं की किंचित डुगडुगायचं. एक पाय तिरका बसला होता. त्यानं तो काढला, नवा कापला, लावला. परत तिरका. पुन्हा काढला… मी बाजूला चहा पीत बसलो होतो. शेवटी त्यानं चिमटा खाली ठेवला आणि उजव्या हाताकडं असा बघत राहिला, जणू तो हात कुणी परका माणूस तिथं विसरून गेला होता.

"बाळ्या, मी सरळ लावतोय रं. ह्यो हात ऐकंना झालाय."

"दमलास. उद्या कर की."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे पेशंट परत पाठवले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कागदाचा पाय वाकडा बसला तर फाडता येतो. कुणाच्या हिरडीत सुई असताना हात सटकला तर?" त्यानंतर त्यानं कुणाच्या तोंडात हत्यार घातलं नाही.

घरी त्यानं मानेच्या मणक्याचं कारण सांगितलं. वहिनींचा काही दिवस विश्वास बसला. त्या पावसाळ्यात आम्ही दोघं पन्हाळ्यावर गेलो होतो. धुकं इतकं की तटाची भिंतसुद्धा दिसत नव्हती. भाजलेलं कणीस त्याच्या हातातून निसटून चिखलात पडलं. त्यानं ते उचललं नाही. शर्टाची बाही वर सरकवून म्हणाला, "हिकडं बघ." दंडावरच्या कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. थांबायचं, परत सुरू व्हायचं. मी हात लावायला गेलो आणि मागं घेतला. "मला ठावं हाय काय हाय ते," तो शांतपणे म्हणाला. "फक्त पुण्याच्या डॉक्टरानं म्हणायचं ऱ्हायलंय."

पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. स्नायूंना हालचालीचा हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, आधी हात, मग पाय, मग वाचा, शेवटी श्वास… डोकं मात्र अखेरपर्यंत लखलखीत. परतताना गाडीत वहिनी खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. कऱ्हाड मागं पडल्यावर अव्या म्हणाला, "मोठं अंतराळस्थानक करायचं ऱ्हायलंय. माझं हात जातील तसं तुझं घ्यायचं."

असे माझे हात त्याचे झाले. त्याच्या पलंगाशेजारी टेबल मांडलं. सुरुवातीला तो शिव्या घालून शिकवायचा. "कापतोयस का कुरतडतोयस? काढ त्ये. परत!" पुढं शब्द जड झाले, मग नुसते आवाज उरले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेही गेले आणि डोळेच राहिले. एकदा मिटले की बरोबर, दोनदा मिटले की काढ. स्थानकाचा एकेक भाग जोडला जात होता आणि पलंगावरचा माणूस कमी होत होता. हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. श्वासाच्या यंत्राचा एकसुरी आवाज चालू असायचा. त्या आवाजात बसून मी कागद कापत असे.

थंडी सरताना सगळं झालं. सूर्यप्रकाश झेलणारा एकच पंख लावायचा उरला. मी तो चिमट्यात धरून जागेवर नेला. अव्यानं डोळे दोनदा मिटले. मी मोजपट्टी लावून पाहिलं. पंख सरळ होता. परत नेला. परत दोनदा. मग माझ्या ध्यानात आलं, चूक पंखात नव्हती.

"आज नको?"

एकदा.

"मग कधी?"

त्यानं डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. कितीतरी वेळ. वहिनी दारात उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरून त्या आत निघून गेल्या.

नंतर कित्येक आठवडे मी जाई, पंख उचली, तो नको म्हणे, मी खाली ठेवी. 'नको' आलं की आम्हाला हायसं वाटायचं. घरी निघताना वहिनी फाटकापर्यंत येत. पुढं पुढं त्या मी काही सांगायच्या आधीच विचारत, "न्हाय म्हणालं न्हवं?"

मग एका दुपारी मी नेहमीसारखाच पंख उचलला आणि अव्यानं माझ्याकडं पाहून डोळे एकदाच मिटले. मला वाटलं, चुकून झालं असेल. "अव्या, नीट सांग," मी म्हणालो. त्यानं पुन्हा मिटले, सावकाश, एकदाच. वहिनींनी हातातली वाटी खाली ठेवली. मी डिंक लावला, पंख जागेवर दाबून धरला. तो चिकटल्यावरही मी बोट काढत नव्हतो… शेवटी वहिनीच म्हणाल्या, "सोडा भावजी."

आम्ही ते स्थानक पलंगाच्या वर, त्याला दिसेल असं दोऱ्यानं टांगलं. तो दोन दिवस बघत राहिला.

परवा गेलो होतो. पलंग काढलाय, खोली मोकळी झालीय, वहिनी तिथंच खाली चटईवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. वैशाखातलं कोल्हापूर, भिंती तापलेल्या, त्यांचा पदर घामानं भिजलेला. मी उठून पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे भावजी," त्या वर छताकडं बघत म्हणाल्या. "वाऱ्यानं हलतंय त्ये."

मी हात मागं घेतला आणि त्यांच्यासमोर बसलो.