पंख्यामागच्या अक्षता

मदरबोर्ड नवीन बसवला, तरी कॉम्प्युटर चालू होईना. पंखा फिरायचा, आतली नेहमीची टिकटिकही व्हायची, पडदा मात्र काळाच. त्या काळ्या काचेत माझा चेहरा आणि मागे सुलभाची, माझ्या बायकोची, रिकामी खुर्ची. शेवटी दुकानदाराला फोन केला.

"काका, प्रोसेसरची छोटी वायर लावायची राहिली असेल. बघा जरा."

वायर शोधायला कॅबिनेट आडवं केलं, तर पंख्यामागून काहीतरी घरंगळलं. तांदळाचे दाणे, कुंकवाने लालसर झालेले. दर दसऱ्याला सुलभा कॉम्प्युटरचीही पूजा करायची. अक्षता जाळीतून आत जायच्या. "अहो, हा आतून वाजतोय," ती म्हणायची. मी म्हणायचो, पंखा जुना झालाय. ती गेल्यावरही तो वाजतच राहिला. माणूस जातो, त्याच्या हातून सांडलेलं काहीबाही घरात वाजत राहतं, आणि आपण त्याला बिघाड म्हणतो.

दाणे वेचून वाटीत ठेवले, वायर लावली. पडदा उजळला, आमचा दोघांचा फोटो आला. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

ती शांतता मला सोसेना. मी कॉम्प्युटर बंद केला, झाकण काढलं आणि वाटी आत उपडी केली.