तिसऱ्या प्रकरणातला चहा

प्रकाशनाच्या धंद्यात किस्से रद्दीसारखे साठतात. रद्दी निदान विकता येते, किस्से मात्र फुकट सांगत बसावे लागतात! साताऱ्यातल्या आमच्या छोट्या प्रकाशनात मालक अण्णा, कॉम्प्युटरवर पानं लावणारी शबाना आणि कायम गोंधळलेला मी. क्यूआर कोड आल्यापासून तर विचारूच नका.

सुरुवात पाटणकडच्या एका सुभेदारांनी केली. रिटायर्ड माणूस, फौजेतल्या आठवणी छापायला घेऊन आले. घशाचं ऑपरेशन ठरलेलं. नंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हणाले, "पुस्तकात माजा आवाजबी घाला."

शबाना म्हणाली, "घालू की! प्रत्येक प्रकरणाला कोड छापायचा, एक मुखपृष्ठावरही. मोबाइल धरला की काका बोलणार."

अण्णांनी बराच विचार केला. "शाई जादा लागंल काय गं?"

सुभेदारांनी घरी बसून, घाईघाईत सगळं पुस्तक वाचून, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. मग ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. मला फार वाईट वाटलं.

*

प्रुफं वाईच्या एका गुरुजींकडे गेली. परत आली तेव्हा प्रत्येक कोडाभोवती लाल गोल! समासात शेरा : "छपाई अस्पष्ट. ठिपके जुळत नाहीत."

मी फोन करून सगळं समजावलं. गुरुजी म्हणाले, "बरं. मग या ठिपक्यांतलं शुद्धलेखन कोणी तपासलं?"



*

पुस्तकाचं प्रकाशन सुभेदारांच्या गावात. पाहुण्यांनी मुखपृष्ठावरच्या कोडावर मोबाइल धरला. काहीच नाही.

"रेंज न्हाई!" कुणीतरी ओरडलं. अर्धा मांडव मोबाइल वर करून उभा राहिला.

शेवटी शबानानं पुस्तक हातात घेतलं. सुभेदारांच्या बायकोनं, शालनकाकूंनी, पहिल्या प्रतीला हळदकुंकू वाहिलं होतं. नेमकं कोडावर!

काकू ओशाळल्या. "मला वाटलं, रांगोळी हाय."

*

सांगलीच्या प्रदर्शनात एका गिऱ्हाइकानं पैसे द्यायला म्हणून तोच कोड स्कॅन केला.

"सावधान!" मोबाइलमधून सुभेदार गरजले.

गिऱ्हाईक निघालं माजी सैनिक. टाचा जुळवून ताठ उभं!

"पैसं गेलं का?" अण्णांनी विचारलं.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या. विश्राम कोन म्हननार?"

*

मग सांगलीच्याच एका वाचकाचा फोन. "आवं, तुमचं पुस्तक चहा मागतंय!"

"काय?"

"तिसरं प्रकरण. बर्फात गोळीबार चाललाय, आन् मधीच सुभेदार वरडत्यात, 'शाले, चहा टाक गं!'"

आम्ही ऐकलं. खरंच की! रेकॉर्डिंग चालू असताना त्यांनी घरात हाक मारली होती आणि आमच्यापैकी कुणीही प्रकरण पूर्ण ऐकलं नव्हतं.

"तेवढं कापते," शबाना म्हणाली. "छापलेला कोड तोच राहील, आतलं बदलेल."

पुस्तक पुन्हा न छापता बदलतं, हे माझ्या डोक्यात काही शिरेना. पण अण्णा अडले. "त्यांचा आवाज आता तेवढाच ऱ्हायलाय. इचारल्याबिगर कापायचा न्हाई."

अण्णा आणि मी पाटणकडे गेलो. सुभेदार ओट्यावर बसले होते. अण्णांनी अडखळत सगळं सांगितलं, माफी मागितली. सुभेदारांनी हातानंच बसायची खूण केली. शेजारचं पुस्तक उचललं, तिसरं प्रकरण काढलं, कोडावर मोबाइल धरला. गोळीबार बोटानं पुढे ढकलला आणि आवाज मोठा केला.

"शाले, चहा टाक गं!"

आतून काकूंचा आवाज आला, "टाकलाय की! पावन्यांचाबी टाकलाय! सारखं काय वरडताय?"