सर्दीची गोळी आणि नागरिकशास्त्र

माझे सासरे शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, विषय उरला. त्या दिवशी तो एका महिला हवालदारांच्या वाट्याला आला.

सकाळी नगरहून आम्ही शिर्डीला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी सासरे, मागे बायको आणि सासूबाई. मला सडकून सर्दी झालेली, म्हणून निघताना एक गोळी घेतली होती. राहुरी मागे पडली तसे डोळे जड व्हायला लागले. पण बायकोसमोर कबूल कोण करतो?

कोल्हारच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती. हवालदारबाईंनी यंत्रात फुंकायला लावलं. आकडा शून्य. मी ऐटीत त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच भलीमोठी जांभई दिली.

"काय घेतलंय?"

"सर्दीची गोळी."

"पाकीट दावा."

सासरे तरातरा खाली उतरले. "थांबा जावईबापू, काही दाखवू नका! बाई, नागरिकाला खाजगी आयुष्य असतं. कुठल्या कारणानं चौकशी करताय?"

"गाडी पांढऱ्या पट्टीच्या दोनी अंगानी येत हुती, सर. लांबनं बगत हुते मी."

"मी तेच सांगत होते," मागून सासूबाई म्हणाल्या.

घरचाच साक्षीदार फुटला. मी पाकीट काढून दिलं. बाईंनी ते सासऱ्यांच्याच हातात ठेवलं. "बारीक अक्षर हाय. वाचून मराठीत सांगा."

सासऱ्यांनी चष्मा चढवला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "झोप येऊ शकते. वाहन चालवू नये."

"नशा दारूचीच असती असं न्हाई. दुसरं कोन चालवनार?"

सासऱ्यांच्या परवान्याची मुदत कधीच संपली होती. बायको मात्र केव्हाच उतरून माझ्या दाराशी उभी होती. नवी गाडी आणल्यापासून 'हायवेवर नको' म्हणत मी तिला चावी देत नव्हतो. ती आता पोलिसांच्या देखत द्यावी लागली.

"हे सगळं लेखी द्या," सासरे अडून बसले.

"देते की. पन मला लिवायला लई येळ लागतो. तवर उन्हात हुबं ऱ्हावा."

सासऱ्यांनी एकदा सूर्याकडे बघितलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

राहाता येईपर्यंत मी सासूबाईंशेजारी घोरत होतो म्हणे. जाग आली तेव्हा सासरे हातवारे करून लेकीला व्यक्तिस्वातंत्र्य समजावत होते.

"बाबा, जरा मागं सरका," ती म्हणाली, "आरशात ट्रक दिसत नाही."

ते सरकले.