प्लायवूडचं शहर

इकडे उत्तरेत, आमच्या तेलीबाग वस्तीत लाइट गेली की शेजारच्या भाभी वीजखात्याच्या नावानं खडे फोडतात आणि माझी मुलगी "मम्मी, इन्व्हर्टर देखो ना" म्हणून ओरडते. मी मात्र खुर्चीतून हलत नाही. मनात एकच येतं, नुसता ट्रान्सफॉर्मरच उडाला असेल ना?

नोकरीत असताना लष्करासाठी आम्ही शत्रूच्या शहराची वीज बंद पाडणारा प्रोग्रॅम लिहिला होता. वापरायचा नाही, आपल्याकडे तो आहे एवढं शत्रूला कळलं तरी पुरे, असं साहेब सांगायचे. चाचणीसाठी आम्ही प्लायवूडवर छोटं शहर मांडलं. घरं, शाळा, हॉस्पिटल, प्रत्येकात एक बल्ब. सगळे बल्ब एकदम विझले तेव्हा काय टाळ्या पिटल्या आम्ही! वर समोसेही मागवले.

अशी हुशार माणसं तिकडेही असणारच. त्यांच्या प्लायवूडवर कुठलं शहर असेल?

परवा संध्याकाळी लाइट आली, तशी सगळी गल्ली नेहमीसारखी ओरडली, "आ गई!" माझी मुलगीही ओरडली. मला मात्र आठवलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये वीज परत आणायची सोयच नव्हती. कुणी मागितलीच नव्हती.