वर्ष झाल्यावर विचारू

"हातात द्या," म्हणून काका उजवा तळहात पुढे करायचे आणि त्यावर काही पडेपर्यंत पुढचा शब्द बोलायचे नाहीत. तुम्ही नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर कधी तासभर उभे राहिला असाल, तर तो तळहात तुम्हीही पाहिला असेल. वर पांढरा सदरा, खिशात भिंग आणि चेहऱ्यावर अशी शांतता, की आपणच काहीतरी चुकीचं मागतोय असं वाटावं.

धंदा म्हणावा तर तो धंदा नव्हता. मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले, चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर जुन्या स्पोर्ट्‌स कारचे न मिळणारे पार्ट शोधून देण्याचं काम अंगावर घेतलं. स्पोर्ट्‌स कार म्हणजे हल्लीच्या जाहिरातींतल्या नव्हेत. दोन माणसांच्या, बुटक्या, छत काढता येणाऱ्या, कधीकाळी बोटीने आलेल्या. त्या बनवणारे कारखाने बंद पडले, पार्ट मिळेनासे झाले, पण पुण्यात त्या जिवापाड सांभाळणारी माणसं अजून आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी कर्वेनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत यावंच लागायचं. स्वतः काकांकडे गाडी सोडा, सायकलही नव्हती. सगळीकडे बसने जायचे.

एकदा मी तिथे बसलेली असताना आयटीतला एक तरुण आला. फोनवर फोटो मोठा करून म्हणाला, "काका, एक्झॅक्ट हाच पार्ट हवाय. थोडं अर्जंट आहे."

काकांनी भिंग काढलं, फोनच्या काचेवर धरलं, नीट पाहिलं. "फोन चांगला आहे. पार्ट कुठे आहे?"

"तो तुटला, म्हणून फेकून दिला."

"मग आता फोटो बसवा."

पोरगा हिरमुसला होऊन दारापर्यंत गेला, तेव्हा त्याला हाक मारून विचारलं, "साल कोणतं गाडीचं?" पुढच्या महिन्यात त्याचा पार्ट आला. आणून दिल्यावर वर त्याला सुनावलंही, की तुटलेला तुकडा हाच आपला नकाशा असतो, तो फेकणाऱ्याने सरळ नवी गाडी घ्यावी.

नवे पार्ट बनतच नाहीत म्हटल्यावर एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीतूनच काढावा लागतो. त्यामुळे काकांचं खरं काम लोखंडाशी कमी आणि माणसांशी जास्त होतं. कुठली गाडी चालते, कुठली उभी आहे, कुठल्या मालकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि कुणाच्या मुलाला बापाच्या गाडीत काडीचा रस नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. या कामात त्यांनी एकच नियम केला होता. मालक वारला, की त्याच्या घरी जाऊन बसायचं, पण गाडीबद्दल वर्षभर चकार शब्द काढायचा नाही. वर्षश्राद्ध झालं की एक दिवस फोन करून जायचं, चहा घ्यायचा आणि मग विचारायचं. गिऱ्हाईक कितीही नडलेलं असो, उत्तर ठरलेलं. "वर्ष झाल्यावर विचारू."

"लोक आपल्या घरच्या कार्याच्या तारखा लक्षात ठेवतात," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आमच्याकडे दुसऱ्यांच्या वर्षश्राद्धांच्या."

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांच्या गाडीसाठी. बाबांची लाल दोन आसनी गाडी माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. तिला दोन कार्ब्युरेटर. प्रत्येकात पितळेची एक निमुळती सुई असते, इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ती ठरवते. दोन्ही सुया एका मापाच्या लागतात. आमच्या मेकॅनिकने साफसफाई करताना एक वाकवली आणि गाडी धूर ओकून बंद पडली. परदेशातून एक मागवली, ती भलत्याच मापाची निघाली. दुसरी मागवली, ती वाटेत कुठे अडकली ते देवाला ठाऊक. इकडे बाबांचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की दोन महिने, फार तर तीन. बाबा स्वतः काही मागणारे नाहीत. फक्त रोज सकाळी विचारायचे, "सुरू झाली का गं?"

काकांनी वाकलेली सुई तळहातावर घेतली, भिंगातून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "आहे. पुण्यात एकाच गाडीत आहे. पण मालक तीन महिन्यांमागे गेले."

"काका, बाबांकडे वर्ष नाहीये."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. एरवी इतकं स्वच्छ पुणेरी बोलणारा माणूस, पण मन हललं की वर्धा बाहेर यायचं. "मी दुसरीकडे शोधून पाहतो ना ताई. नागपूरला फोन करतो, कोल्हापूरला करतो. पण त्या दारात नाही जात जी मी."

"का पण?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. ते शाळेत असताना वडील वारले. तिसऱ्या दिवशी शेजारचा माणूस सायकल मागायला आला. आईने देऊन टाकली, नाही म्हणायचं बळच तिच्यात नव्हतं. नंतर कितीतरी वर्षं ती सायकल रोज सकाळी दारावरून जायची आणि आई घंटी ऐकून आत निघून जायची. "अशा वेळी माणूस काहीही देऊन टाकतो, ताई. म्हणून तर मागायचं नसते."

मला ते पटलं. पटलं आणि तरी मी घरी येऊन जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौकशी केली. दहा मिनिटांत सहकारनगरचा पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घेऊन मी त्या बंगल्याची बेल वाजवली.

दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. मी गाडीचं नाव काढताच त्यांनी विचारलं, "त्यांनी पाठवलं का तुम्हाला? मी गाडीचा विषय काढला तेव्हा तर ते म्हणाले होते, वर्ष झाल्यावर बोलू."

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच पाठवलंय. जरा घाई आहे म्हणून."

मी कॉलेजात शिकवते. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांना कसं धारेवर धरते, ते त्यांनाच विचारा. पण हे खोटं मी इतक्या सहज बोलले, की माझं मलाच उशिरा ऐकू आलं.

बाईंनी किल्ली आणली. निळ्या गाडीवरच्या कव्हरच्या गाठी स्वतः सोडल्या. सीटवर एक टोपी होती, ती उचलून हातात धरून उभ्या राहिल्या. सुई काढायला मेकॅनिकला पंधरा मिनिटं लागली.

"आता ही सुरू होणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तूर्तास नाही."

"नाहीतरी चालवणार कोण आहे," असं म्हणून त्यांनी टोपी परत सीटवर ठेवली आणि सगळ्या गाठी पहिल्यासारख्या बांधल्या.

गाडी सुरू झाली. बाबांना उचलून शेजारच्या सीटवर बसवलं आणि मी वारज्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. जाताना ते काहीच बोलले नाहीत. परत येताना म्हणाले, "तिसरा गिअर जरा उशिरा टाकत जा." यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात काका आले. बाबांशी बोलले, मग खाली पार्किंगमध्ये येऊन मला इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मी पुटपुटले, "मिळाली एक सुई."

"मिळते जी," ते म्हणाले. "मागितली की मिळते." बस, एवढंच. कुठून, कशी, काही नाही. मला वाटलं, कळलं नसावं. किंवा खरं सांगायचं तर मी तसं वाटून घेतलं.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. पाचव्या दिवशी पहिला फोन आला. अत्यंत सुसंस्कृत आवाजात एका गृहस्थांनी आधी दुःख व्यक्त केलं आणि मग विचारलं, की गाडीचं काय ठरवलंय, नसेल ठेवायची तर निदान कार्ब्युरेटर तरी? आठव्या दिवशी आणखी दोघांचे आले. घ्या घेऊन जा, असं म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. मी तसाच फोन ठेवून दिला. मी त्या बाईंच्या दारात नेमकी काय होऊन उभी होते, ते तेव्हा मला दिसलं.

काका तेराव्याला येऊन गेले. गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. एक दिवस त्यांच्याकडे जाऊन सगळं कबूल करायचं, असं मी ठरवलं. मग परीक्षा आल्या, मग दिवाळी आली. थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत काका गेले. माझं सांगायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

काकूंनी मला म्हटलं, ज्यांचे पार्ट शोधायचे राहिलेत, त्यांना कळव. मी फोन करत होते. सहकारनगरला मात्र स्वतःच गेले. आमच्या गाडीतून काढलेली ती सुई रुमालात गुंडाळून नेली होती आणि काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं.

काका गेल्याचं ऐकून बाई खुर्चीत बसल्या. "परवाच मनात आलं होतं, आता दोन महिन्यांनी यायचे ते."

"मी तेव्हा आले होते ना," मी सुरुवात केली.

"त्यानंतर चार दिवसांनी येऊन गेले ते," बाई म्हणाल्या. "सुई बसली का, म्हणून मीच फोन केला होता त्यांना. लगेच बसने आले. इथे बसले आणि म्हणाले, 'वहिनी, माझं चुकलं जी. वर्षाच्या आत त्या पोरीला तुमच्याकडे धाडायला नको होतं मी. पण तिच्या वडलांचे दिवस भरत आलेले, माझ्यानं राहवलं नाही.' मी म्हटलं, अहो, त्यात काय एवढं. पण त्यांनी चहासुद्धा घेतला नाही."

मी रुमाल हातात धरून तशीच बसले होते. पाठ केलेलं सगळं अजून तोंडात होतं. शेवटी म्हणाले, "त्यांनी नव्हतं पाठवलं मला. मी खोटं बोलले होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. थोडा वेळ त्या खिडकीबाहेर कव्हर घातलेल्या गाडीकडे पाहत राहिल्या.

"त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं ना," त्या म्हणाल्या. "मग राहू द्यायचंत."

मी सुई टेबलावर ठेवली. काकांच्या घरी, स्मशानात, काकूंसमोर, कुठेच आलं नव्हतं ते रडू मला तिथे, एका जवळजवळ अनोळखी बाईंच्या दिवाणखान्यात आलं. त्या उठून पाणी आणायला आत गेल्या.