थोरलीचं बाळंतपण

आमच्या दाजींइतका खरं बोलणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून झाला नाही, आणि त्याचा त्रास दोन्ही तालुक्यांनी सारखाच सोसला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायला वाड्यावस्त्या पायी तुडवायचे. एखाद्याने आशेने "डॉक्टर, म्हस वाचंल का?" असं विचारलं, की तिच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे "न्हाई" म्हणायचे. म्हैस संध्याकाळपर्यंत तरी तग धरायची, मालक मात्र जागीच बसायचा. लग्नाच्या बैठकीत आमच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं होतं, "काही नादबिद?" दाजी म्हणाले, "तंबाखू न्हाई, पत्ते न्हाईत. कोळी पाळतो." सगळी बैठक पोट धरून हसली. नवरदेव हसत नाहीये, एवढंच बघायचं राहून गेलं.

घराच्या कोपऱ्यात जाळं विणतात त्या किरकोळ कोळ्यांना दाजी मोजतच नसत. त्यांचे कोळी हिर्डोशीकडच्या डोंगरात दरडीच्या मातीत बीळ करून राहणारे, तळहाताएवढे, अंगभर केस असलेले. ते त्यांनी लोणच्याच्या बरण्यांत ठेवले होते. बरणीत चार बोटं माती, थोडी नारळाची शेंडी, बाटलीच्या बुचात पाणी आणि झाकणाला भोकं. पाव्हणारावळा आला, की दाजी आधी बुचांतलं पाणी बदलत आणि मग अक्काला चहा टाकायला सांगत. त्या घरात कैरीचं लोणचं कायम पातेल्यात घातलं गेलं. एकदा सगळ्यात मोठी मादी, जिला ते थोरली म्हणत, पाय वर करून उताणी पडलेली मला दिसली. मी आपला चेहरा पाडून "वाईट झालं दाजी" म्हणालो. "पाव्हणं," ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मेल्यावर पाय पोटाशी घिऊन बसती. उताणी हाय म्हंजी कात टाकतीया. बोलू नगा, तिला तरास हुतो." मी आणि अक्का दुपारभर खुणांनी बोललो.

थोरलीला पिल्लं व्हावीत, हा दाजींचा ध्यास होता. त्यासाठी ते स्थळं बघत. हे मी गमतीने म्हणत नाही, शब्द त्यांचाच आहे. लस टोचून झाली, की धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ते विचारत, "हिकडं एखांदा नर दिसला का? पाय लांबडं, अंग बारीक." एकदा असं एक स्थळ हिर्डोशीच्या वर मिळालं. ते स्टीलच्या डब्यात घालून दाजी एस.टी.त बसले. कंडक्टरने सहज विचारलं, "डब्यात काय, चिवडा?" दुसरा कुणीही चिवडाच म्हणाला असता. दाजी म्हणाले, "कोळी हाय. जिता. थोरलीसाठी न्हेतोय." कंडक्टरने घंटीची दोरी ओढली, ती दाजी खाली उतरेपर्यंत सोडली नाही. दिवसातली ती एकच गाडी. दाजी डब्यावर ओला रुमाल टाकून भोरपर्यंत चालत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने नवरदेव खाऊन टाकला. हा तिसरा. अक्का भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तिला तरी जमलं."

चौथा मात्र वाचला. काही महिन्यांनी थोरलीने लिंबाएवढी पांढरी पुडी विणली. तिच्यात अंडी. ती पुडी छातीशी धरून थोरली पायांनी हळूहळू फिरवत बसायची, आणि दाजी तिच्यापुढे स्टूल टाकून बसायचे. तीन वर्षांनी आलेलं फळ ते. नेमकी त्याच दिवसांत माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ आठ दिवसांचं झालं होतं. अक्काने पदर खोचला. "घरात तान्हं लेकरू हाय. ह्या समद्या बरण्या आजच्या आज भाईर." दाजींनी एका शब्दानेही वाद घातला नाही. दहा बरण्या घेऊन ते डोंगरात गेले आणि जिथून जो आणला होता, तिथे तो सोडून आले. अकरावीपाशी मात्र अडले. "हिला हलवली तर ती पुडी खाऊन टाकंल गं," म्हणाले. अक्का बरणीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "किती दिस झालं तिला?"

"धा."

"मग ऱ्हाऊ द्या. बाळंतिणीला कुणी घराभाईर काढतं का?"

दाजींनी चष्मा काढून पुसला. मलाही अक्काचा अभिमान वाटला. तोपर्यंत तिने त्या बरणीकडे कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

दोन दिवसांनी दाजी लसीकरणाला वेल्ह्याकडे गेले. परत आले तेव्हा मीही तिथेच होतो. खोलीत ओव्याचा आणि बाळंतशोपांचा वास भरला होता. अक्का रोज लेकीला शेगडी देत होती, निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी देत होती. आणि आपली माया एकीपुरतीच ठेवणं तिला जमलं नव्हतं. तिने तीच शेगडी नेऊन बरणीखाली ठेवली होती. "तिचंबी अंग शेकाया नगं?" असं तिने मला कौतुकाने सांगितलंही होतं, आणि मी, दाजी कोळ्यांच्या नोंदी ठेवत त्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने "धूर अजिबात नको" असं वाचलेला शहाणा, नुसता हं म्हणालो होतो.

बरणीत थोरली कोपऱ्यात बसली होती. पुडी नव्हती. पांढरी चिंधी तेवढी उरली होती. दाजींनी झाकण उघडलं, एकदा वास घेतला. दारात अक्का बाळाची दुपटी घेऊन उभी. "काय झालं वो? माझं काय चुकलं का?"

मी डोळे मिटून घेतले. म्हशीच्या मालकांना सोडलं नाही, कंडक्टरला सोडलं नाही, तो माणूस आता बायकोला काय सांगणार, हे मला ठाऊक होतं.

"न्हाई गं," दाजी म्हणाले. "अंडी कच्ची व्हती. पयल्या खेपंला हुतं आसं." आणि बुचातलं पाणी बदलायला मोरीवर गेले. तिथून बराच वेळ आलेच नाहीत.

थोरलीला पुन्हा पुडी झाली नाही. दाजींनी स्थळं बघणंही सोडलं. ते जाऊनही आता पाच वर्षं झाली. थोरली मात्र आहे. या जातीच्या माद्या फार वर्षं जगतात. अक्काचे गुडघे गेलेत, तरी दिवेलागणीला ती परसात वाकून रातकिडे पकडते. परवा तिच्याकडे गेलो होतो. दाजींची आठवण निघाली आणि मी बोलून गेलो, "असा खरं बोलणारा माणूस पुन्हा होणे नाही."

"येकदा बोलले की खोटं," अक्का म्हणाली. "अंडी कच्ची व्हती म्हनं. आरं, त्यांची वही मला वाचता येत न्हाई व्हय? दुसऱ्याच दिशी वाचली म्या."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"त्यांनी जल्मात येकच खोटं बोलावं, ते माझ्यापायी. ते उघडं पाडू व्हय?" तिने बरणीचं झाकण हलकेच उचललं, रातकिडा आत सोडला आणि बुचातलं पाणी बदलायला मोरीवर गेली.