पत्र वरून वाचणारी कुसुममावशी

कुसुममावशी गेली हे मला तिच्या भाच्याच्या फोनवरून कळलं. सकाळी भाजी निवडत बसले होते. "नीलाताई, आत्या गेली," एवढंच म्हणून तो थांबला. वय झालं होतं, गेले दोन महिने अंथरुणावरच होती, सगळं माहीत होतं... तरी हातातली मेथी तशीच राहिली. आज त्याला महिना होऊन गेला. आता लिहिता येईल असं वाटतंय.

मावशी नात्यातली नव्हे. सक्करदऱ्याला आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा ती शेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहत असे. पोस्टात काउंटरवर नोकरी. उंच, सावळी, आवाज घोगरा. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. बाई सायकलवर ऑफिसला निघाली की गल्ली अजून वळून बघायची. लग्न तिनं केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. संध्याकाळी परतली की ओट्यावर पाय सोडून चहा प्यायची आणि गल्लीतली आम्ही पोरं तिच्याभोवती गोळा व्हायचो. ती गोष्टी सांगायची नाही. आम्हालाच सांगायला लावायची.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. मुलांच्या एका मासिकात 'पत्रमित्र' नावाचं सदर यायचं. नाव, वय, छंद आणि घरचा पत्ता छापायचे. मी माझं नाव पाठवलं आणि ते छापून आलं! मग पत्रं येऊ लागली. सोलापूरची एक मुलगी, चंद्रपूरचा एक मुलगा आणि अकोल्याची सुनीता. सुनीता बारा वर्षांची. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि ती मला जे विचारायची ते तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. तुला राग कशाचा येतो? रडू आलं की कुठे जातेस? तिच्या घरी पत्रं आलेली चालत नाहीत म्हणून उत्तर तिच्या मामांच्या नावानं आमच्याच शहरातल्या सीताबर्डीच्या एका लॉजवर पाठवायचं. मामा दर आठवड्याला अकोल्याला जातात, ते नेऊन देतील. तिची पत्रं मात्र ती स्वतः अकोल्याच्या पेटीत टाकते, असं तिनं लिहिलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मैत्रिणीसाठी एवढं करणारे मामा, मला त्यांचं कौतुकच वाटलं.

मी तिला सगळं लिहिलं. सहामाहीत गणितात नापास झाले आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकून दिली, हेसुद्धा. पुढच्या पत्रांतून तिनं बाबा किती वाजता घरी येतात ते विचारलं, माझा फोटो मागितला, आपलं हे कुणाला सांगू नकोस म्हणाली. आणि मग ते पत्र आलं. शनिवारी शाळा सुटल्यावर महाराजबागेच्या फाटकाशी एकटीच ये, मामा तुझ्यासाठी भेट घेऊन उभे असतील. आली नाहीस तर सहीची गोष्ट तुझ्या बाबांना कळवावी लागेल.

तीन दिवस मी धड जेवले नाही. आईला वाटलं पोट बिघडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर बसले होते. पत्र फ्रॉकच्या खिशात होतं आणि हात पत्रावर.

"काय लपवून राहिली वं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही."

"पत्र आहे ना? आतलं मले नको दाखवू, ते तुझं आहे. वरचं पाहू दे फक्त. माझं कामच आहे ते."

मी निळं इनलँड तिच्या हातात दिलं. तिनं ते उजेडाकडे तिरकं धरलं. "कुठून आलं म्हणतेस?"

"अकोल्याहून. सुनीताचं."

"पुढचा शिक्का जिथं टाकलं तिथला, मागचा जिथं पोचलं तिथला. वाच बरं पुढचा."

शिक्का पुसट होता. पण मान वाकडी करून वाचला तर वाचता येत होता. सीताबर्डी. मी घरात पळत जाऊन जुनी पत्रंही आणली. सगळ्यांवर सीताबर्डी. अकोल्याचं एकही नाही.

मावशीनं सगळी पत्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. मग म्हणाली, "नीले, हे पोरीचं अक्षर नाही वाटत मले. तुले भीती वाटून राहिली का?" आणि मी जी रडायला लागले... सगळं सांगितलं. सहीचंही. तिनं मला शेवटपर्यंत सांगू दिलं. शेवटी एवढंच म्हणाली, "तू सांगितलं, बरं केलं. यात तुझी चूक नाही. सहीचं आहे, ते आपण नंतर पाहू."

तिनं मला विचारलं, आईबाबांना सांगायचं ना? मी मान हलवल्यावरच ती उठली. बाबांनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा काळा पडला. "आजपासून शाळा सोडून कुठं जाणं नाही. पत्रं बंद, मासिक बंद. काहून लिहायचं अनोळखी माणसाले?" आईनं तर पत्रं चुलीत घालायला हात पुढे केला. मावशीनं तो धरला.

"वहिनी, जाळू नका, पोलिसांना लागतील. आणि भाऊ, बदमाशी त्या माणसाची अन् कुलूप पोरीले? आज हिनं सांगितलं म्हणून आपल्याले समजलं. सांगितल्यावर शिक्षा भेटते हे एकदा शिकली, तर पुढच्या वेळी कोणाले सांगणार ही?"

बाबा खाटेवर बसले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी सहीचं सांगून टाकलं. प्रगतिपुस्तक आणलं. बाबांनी ती सही बराच वेळ न्याहाळली, मग पेन काढून तिच्याखाली आपली सही केली. "माझ्यापेक्षा बरी करते," ते म्हणाले.

शनिवारी काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी बाबांकडून कळलं. चौकीतल्या फौजदारांना मला फाटकाशी उभं करायचं होतं. मावशी म्हणाली, "लेकराले गळाले नाही लावायचं. मी उभी राहते." ती, बाबा आणि साध्या कपड्यातले दोन हवालदार. चष्मा लावलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस संत्राबर्फीचा डबा घेऊन आला आणि पकडला गेला. लॉजवरच्या त्याच्या खोलीत मासिकातून कापलेले आणखी पत्ते सापडले. मावशीनं त्या प्रत्येक घरी पत्र लिहिलं. पोस्टकार्ड नाही, बंद पाकीट; कार्ड कुणीही वाचतं, म्हणाली. मासिकालाही तीन पत्रं धाडली. तिसऱ्यानंतर त्यांनी घरचे पत्ते छापणं थांबवलं.

मग तिनं रविवारी दुपारी गल्लीतल्या आयांना ओट्यावर बोलवायला सुरुवात केली. पोर काही सांगायला आलं तर आधी पूर्ण ऐका, रागवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी रागवा, असं काय काय सांगायची. एकदा एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "जिले लेकरू नाही ती आम्हाले शिकवून राहिली." मावशीनं तिच्या कपात चहा ओतला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. नंतर आत भांडी घासताना तिचे डोळे मी पाहिले होते.

हे सगळं तिला कुठून सुचलं, असं मी लग्न ठरल्यावर एकदा विचारलं. ती म्हणाली, "रामटेकले होतो आम्ही. तू तेव्हा होती, तेवढीच होती मी. आईले एक गोष्ट सांगितली होती घरातल्या माणसाची. आईनं थोबाडीत मारली. मग नाही सांगितलं कधी."

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला, ईराला, मोबाइलवरच्या खेळात कुणी फोटो मागू लागलं. सूनबाई फोन फोडायला निघाली. मी दोघींना घेऊन हुडकेश्वरला भाच्याच्या घरी मावशीकडे गेले. मावशीनं फोन हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला. "कुठून आलं हे, मले दाखव."

"आजी, याच्यावर शिक्का नसतो," ईरा म्हणाली.

"मग तर जास्तच विचारावं लागते वं," मावशी म्हणाली, आणि दोघी तासभर बोलत बसल्या. आम्हाला तिनं बाहेर चहा करायला पाठवलं.

तेराव्यानंतर मी पुन्हा हुडकेश्वरला गेले. भाच्याची बायको तिच्या खोलीतलं सामान आवरत होती. पाचच्या सुमारास दारात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. गावाला गेली होती म्हणे, आजच परतली. "आजी आहेत का? मले त्यांना काही सांगायचं होतं."

भाच्याच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलीला आत घेतलं, आजी आता नाहीत हे सांगितलं. ती रडली नाही, जायला वळली. मग उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, "तुम्ही ऐकता का?"

मी खाटेवरच्या चादरी बाजूला सारल्या, तिला बसायला जागा केली. बाहेर अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही... तिनं ते मला सांगितलं होतं.